नाकापासून पुन्हा

आदरणीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे, आपल्या उड्डाण क्लबाचे आजी-माजी सभासद, त्यांना आकाशात पाठवून जमिनीवर जीव मुठीत धरून बसणारी त्यांच्या घरची माणसं, आणि आज ज्यांच्यासाठी या शाळेच्या सभागृहात एवढ्या खुर्च्या मांडल्या आहेत ते सत्कारमूर्ती, म्हणजे माझा थोरला भाऊ. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याआधी तीन वक्ते बोलले. तिघेही उडणारे. मी उडत नाही. मी शाळेची बस चालवते आणि रविवारी क्लबाची जीप. दादा डोंगरावरून उडतो, कुठल्यातरी शेतात उतरतो आणि मग मी त्याला शोधून घरी आणते. इतकी वर्षं माझं काम हेच. त्यामुळे आजच्या कार्यक्रमात आकाशाची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत, मी जमिनीची बाजू मांडते. अध्यक्षांनी मला सांगितलंय, "ताई, दोन शब्द बोला, पण हलकंफुलकं बोला." मी प्रयत्न करीन. जमेलच असं नाही, कारण गेल्या रविवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कारण काय, ते ओघात येईलच.

इथं बसलेल्या पाहुण्यांपैकी बऱ्याच जणांना दादा ठाऊक आहे तो चष्म्याच्या दुकानातला. तुमच्यातल्या निम्म्यांच्या नाकावर त्यानंच काढलेला नंबर आहे. मग त्याचा स्वभावही ठाऊक असेल. नंबर काढताना मध्येच कुणी विचारलं, "काका, फ्रेम कितीला पडेल?" की हा माणूस भिंग खाली ठेवतो, उत्तर देतो, आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करतो. लोक कातावतात. एकदा एक वकीलसाहेब म्हणाले होते, "अहो, चौथ्या ओळीपर्यंत आलो होतो की आपण!" दादा म्हणाला, "तुम्ही आला होतात. मी कुठं होतो ते मला आठवत नाही."

हीच खोड त्यानं डोंगरावर नेली. क्लबातल्या मंडळींना हे पाठ आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. साधा हँग ग्लायडर म्हणजे नळ्यांवर ताणलेलं कापड. माणूस खाली लोंबकळतो आणि अंग डावी-उजवीकडे झुकवून वळतो. दादाचा तसा नाही. त्याचा ताठ पंखांचा. आत कार्बनचा कणा, त्याला फासळ्या, पंखांच्या पाठीवर छोट्या झडपा. दांडा डावीकडे नेला की दोरी ओढली जाते, डाव्या पंखावरची झडप उठते, तो पंख खाली जातो आणि ग्लायडर वळतो. मागच्या कडेला फ्लॅप असतात, उतरताना वेग मारायला. दिसायला देखणा, जायला लांब, आणि उतरायला नाठाळ. साधा ग्लायडर शेतात बसतो, हा जमिनीपासून हातभर उंचीवरून नुसता तरंगत राहतो, खाली यायचं नावच घेत नाही. म्हणून त्याला लांबच लांब मैदान लागतं. आणि वाटेवरची अशी मैदानं उडायच्या आधीच मनात ठरलेली लागतात. वर गेल्यावर "बघू कुठं उतरायचं ते" म्हणणाऱ्यांना मी कुठून कुठून उचलून आणलंय ते आज सांगत नाही, कारण त्यातले दोघे पहिल्या रांगेत सहकुटुंब बसले आहेत.

तर हा ग्लायडर दर वेळी डोंगरावर जोडावा लागतो. पंख उलगडायचे, एकेक फासळी फिरवून अडकवायची, झडपांच्या दोऱ्या लावायच्या, शेपूट बसवायचं, खिळी घालायच्या. एक दोरी लावायची राहिली की त्या बाजूला वळता येत नाही. एक फासळी सुटी राहिली तर पुढचं मी बोलत नाही. दादा ग्लायडरच्या नाकापासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुरुवात करतो. नाक, डावा पंख, शेपूट, उजवा पंख, परत नाक. आणि त्याचा नियम असा, की जोडणी चालू असताना कुणी बोलायचं नाही. कुणी बोललंच, तर काम जिथं असेल तिथं सोडायचं आणि नाकापासून पुन्हा. प्रत्येक खीळ पुन्हा हातानं चाचपायची, प्रत्येक दोरी पुन्हा ओढून बघायची. त्याचे सगळे शिष्य या नियमावर वाढले. त्यानं कुणाकुणावर कसकसा आवाज चढवलाय, ते अध्यक्षांना विचारा. ते क्लबात नवे होते तेव्हा जोडणी करणाऱ्या दादाला "चहा घेणार का?" असं विचारून बसले होते. चहा त्यांना एकट्यालाच प्यावा लागला.

मला आधी हे सगळं अतीच वाटायचं. खरं सांगते, अजूनही मधूनमधून वाटतं. कारण इतक्या वर्षांत नाकापासून पुन्हा जाऊन त्याला चूक सापडली असं फारसं झालेलंच नाही. एका स्पर्धेची गोष्ट घ्या. हा सगळ्यांच्या पुढं होता. लांबवर एक ढग पसरत काळा व्हायला लागला, आणि यानं सरळ फ्लॅप टाकून एका गवताळ रानात ग्लायडर उतरवला. मी पोचले तेव्हा बांधावर बसून शेंगदाणे खात होता. बाकीचे सगळे त्या ढगाच्या कडेकडेनं पुढं गेले. कुणाला काही झालं नाही. पाऊसदेखील पडला नाही! बक्षीस दुसऱ्यालाच मिळालं. परत येताना मी म्हटलं, "दादा, उगाच उतरलास." तो म्हणाला, "असेल." बस्स, एवढंच. मला वाटलं होतं, काही तरी शहाणपणाचं ऐकवेल. पण घरी पोचेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला. त्यालाही वाईट वाटलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. आपण म्हणतो, सावध माणसाला सावधपणाचं काही वाटत नसेल. वाटतं. चांगलंच वाटतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

दादाच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला आजार झालाय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तो त्यानं स्वतःच शोधला. एकदा उतरताना त्याचा जमिनीचा अंदाज जरासा चुकला. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. आम्ही हसलो. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून स्वतःच्याच खुर्चीत बसला आणि स्वतःचे डोळे तपासले. मग डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, सध्या चालेल, पण हा वाढणार. या महिन्याच्या अखेरपर्यंत उडायच्या दाखल्यावर मी सही देतो, पुढं मागू नका. दादा म्हणाला, "मागणार नाही." घासाघीस नाही, दुसरा डॉक्टर नाही. ज्या माणसाला रविवारी सकाळी पायात चप्पल घालायचं भान नसायचं, त्यानं घरी येऊन वहिनीला सांगितलं, "एकदा उडतो, मग बास." वहिनी आयुष्यभर ज्या वाक्याची वाट बघत होती ते वाक्य तिला मिळालं, आणि ती म्हणे ओट्याशी, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. वहिनी, हे मी सांगितलं म्हणून रागावू नका.

महिनाभर हवा खराब होती. राहता राहिला गेला रविवार. त्या दिवशी सकाळी मऊ वारा होता, समोरून येणारा, डोंगरावर चढणारा. दादाला हवा तसा. मी जीप घेऊन खालच्या मोठ्या मैदानावर थांबले. हातात वॉकीटॉकी, समोर काठीला बांधलेली फीत. वरून त्यानं सांगितलं, "जोडायला घेतो. नाकापासून." मी म्हटलं, "घे."

आणि तेवढ्यात, मित्रहो, आपण सगळे डोंगरावर पोचलात.

मी दोष देत नाही. तुम्ही प्रेमानं गेलात. मास्तरांचं शेवटचं उड्डाण, त्यांना न सांगता सगळ्यांनी मिळून जायचं, त्यांना चकित करायचं. बेत छानच होता. फुलं होती, केक होता. नियम तर तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ. पण प्रत्येकाला वाटलं, आज निरोपाचा दिवस, आज काय नियमाचं घेऊन बसायचं! आणि प्रत्येकाला वाटलं, आपण एकच मिनिट घेतोय.

आधी अध्यक्ष पुढे झाले. हार नको म्हणून फुलांचा गुच्छ दिला, दोन वाक्यं बोलले. दादानं हातातली खीळ खिशात टाकली, गुच्छ घेतला, आभार मानले. मला खाली वॉकीटॉकीवर ऐकू आलं, "नाकापासून पुन्हा." मी हसले. मग जुन्या शिष्यांपैकी कुणी पाया पडायला आलं. "नाकापासून पुन्हा." मग आमची नात. परदेशातून फोनच्या पडद्यावर. "आजोबा, तुम्ही पक्षी आहात का?" आता सांगा, कुठला आजोबा तिला म्हणेल, गप्प बैस, मी डाव्या पंखाशी आहे? तो बोलला तिच्याशी. पोटभर बोलला. मग मला त्याचा आवाज आला, जरा थकलेला. "नाकापासून पुन्हा."

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दादानं त्या दिवशी कुणावर आवाज चढवला नाही. एरवी एखाद्यानं नुसतं खाकरलं तरी डोळे वटारणारा माणूस! त्या दिवशी प्रत्येकाशी हसून बोलला. शेवटच्या दिवशी त्यानं माणसांसाठी स्वभाव बाजूला ठेवला. नियम मात्र बाजूला ठेवला नाही. दोन्ही एकदम कसं जमणार होतं?

खाली माझ्या समोरची फीत तोवर सरळ होती. मग ऊन तापलं. फीत ढिली पडायला लागली, मध्येच उठायची, मध्येच काठीला चिकटायची. मला दिसत होतं की वेळ निघून चाललीय. वॉकीटॉकीचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. सांगायचं होतं, "दादा, आवर, वारा पडतोय." पण सांगितलं असतं तर तेही बोलणंच झालं असतं. पुन्हा नाकापासून. आणि नाही सांगितलं तर तो त्याच्या गतीनं करत राहणार. मी तो अंगठा तसाच ठेवला. दाबू की नको, दाबू की नको. इतकी वर्षं मी मुलांनी भरलेली बस भर रहदारीतून नेते, माझा पाय ब्रेकवर कधी अडखळला नाही. त्या दिवशी मला एक बटण दाबता आलं नाही. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही.

शेवटी फोटोग्राफर. ते मागं उभे आहेत, कृपा करून कुणी वळून बघू नका. त्या बिचाऱ्यांना नियम कुणी सांगितलेलाच नव्हता. दादा डाव्या पंखाच्या टोकाशी होता. ते म्हणाले, "सर, जरा इकडे बघा ना." सरांनी बघितलं. हसले. आणि मग नाकाकडे गेले.

त्यानंतर तो जोडणी संपवून, हार्नेस, म्हणजे अंगावरचे पट्टे, अडकवून, कुणीतरी नाक धरल्यावर आडवा लोंबकळून पट्ट्यांचा आकडा ग्लायडरला लागलाय की नाही ते तपासून उडीच्या जागेवर उभा राहिला. तिथंही काठीला फीत होती, ती समोरचा वारा दाखवेना. दाखवला की लगेच पडायची, मग उलटी फिरायची. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, पाठीवरच्या वाऱ्यात उडायला पळत सुटणं म्हणजे डोंगरावरून उडी मारणं. शेजारी आपला चॅम्पियन उभा होता, दादाचाच शिष्य. तो म्हणाला, "मास्तर, मधे मधे फुंकर येतेय समोरून. ती आली की पळा. जमतंय." आणि जमत होतं हो! तो स्वतः एका फुंकरीत पळाला, सुरेख वर चढला, पुष्कळ वेळ हिंडला आणि माझ्याच मैदानात अलगद उतरला. त्याला काहीसुद्धा झालं नाही. मीच त्याचा ग्लायडर घडी करायला हात लावला. चॅम्पियन, मान खाली घालू नकोस. तुझे दोन्ही डोळे शाबूत आहेत, वय तुझ्या बाजूनं आहे, तुझा हिशेब वेगळा होता. दादानं स्वतःच्या पायांचा, स्वतःच्या डोळ्याचा, स्वतःच्या जड पंखांचा हिशेब केला. फितीकडे बघत उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग मला आवाज आला, "आकडा काढतोय." मी विचारलं, "थांबतोस का थोडा?" तो म्हणाला, "थांबलो."

महिन्याचे उरलेले दिवस वारा पाठीवरच राहिला. मग महिना संपला.

मंडळी, मी खूप शोधलं. निदान त्या सगळ्या तपासण्यांत काही तरी सापडायला हवं होतं. एखादी खीळ अर्धवट लागलेली, एखादी दोरी सुटलेली. म्हणजे मला आज इथं उभं राहून सांगता आलं असतं, बघा, नियमामुळे जीव वाचला. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "नाही. पहिल्या खेपेलाच सगळं ठीक होतं." पहिल्या खेपेलाच ठीक होतं! म्हणजे कुणाच्याही हाकेकडे लक्ष न देता तो पहिल्या वेळीच उडाला असता, तरी सुखरूप उतरला असता. हे त्यालाही ठाऊक आहे. ते ठाऊक असूनही, उद्या पुन्हा तोच रविवार आला तर तो पुन्हा नाकापासूनच जाईल. मला याचा अभिमान वाटतो का? वाटतो. पण त्याहून जास्त वाईट वाटतं, आणि ते मी लपवणार नाही.

त्या दिवशी परत निघताना त्यानं मला मैदानाशी थांबायला सांगितलं. जीपमधून उतरला आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. हात बाजूला, मान जरा पुढं, जसा तो उतरायला येतो तसा. परत आला आणि म्हणाला, "पुरलं असतं." मग जीप सुरू झाल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सगळे जरा उशिरा आले असते तर?"

मी गिअर टाकला.

आता शेवटचं. या टेबलावर कागदात गुंडाळलेली एक तसबीर आहे. क्लबाची भेट. अध्यक्षांनी मला सांगितलंय की भाषण संपवून तिचं अनावरण तुम्ही करा. दुपारी मी ती बघितली. फोटो अप्रतिम आला आहे, फोटोग्राफर, खरंच. दादा डाव्या पंखाशी उभा आहे, बोटांत खीळ, चेहरा कॅमेऱ्याकडे, आणि हसतोय. मागं डोंगरावरच्या काठीची फीत आहे. ती फीत आडवी, सरळ, समोरून त्याच्याकडे येणारी. इतका नेमका वारा त्या सकाळी परत आला नाही. म्हणजे ज्या क्षणी तो उडू शकला असता, तोच क्षण आपण काचेखाली घालून त्याला भेट देतोय.

अध्यक्ष महाशय, माझी एक विनंती आहे. ही तसबीर दादाच्या घरी नको. वहिनीला रोज तिच्यावरची धूळ पुसायला लावू नका. ती डोंगरावरच्या क्लबाच्या खोलीत लावा, चहाच्या टेबलाच्या वर, जिथून कप हातात घेऊन माणसं जोडणी करणाऱ्याकडे गप्पा मारायला निघतात तिथं. खाली काही लिहू नका. नव्यांनी विचारलं तर जुन्यांनी सांगावं. आणि सांगून झाल्यावर कप तिथंच ठेवून गप्प बसावं.

दादा, मी तुला इतकी वर्षं शेतांतून, माळांवरून, एकदा तर लग्नाच्या मांडवामागून उचलून आणलं. एकदाही तू मोडका सापडला नाहीस. दर वेळी मला वाटायचं, हा आपला उगाचच एवढा जपतो. आता रविवारी माझी जीप रिकामी जाईल, आणि त्या जपण्याची किंमत कळायला मला तेवढं व्हावं लागलं. तुझं ते एक उड्डाण राहिलं, त्याचं मला वाईट वाटतं. ते कायम वाटत राहील.

आपण मला बोलू दिलंत, मध्ये एकदाही टाळ्या वाजवल्या नाहीत, याबद्दल आभार. हलकंफुलकं बोला म्हटलं होतं, ते काही साधलं नाही. कुणाचं नाव न घेताही कुणाला टोचलं असेल तर बस चालवणाऱ्या बाईची जीभ म्हणून पोटात घाला. आता सत्कारमूर्ती चार शब्द बोलणार आहेत. ते बोलत असताना कृपया कुणी मध्ये बोलू नये. आणि कुणी बोललंच, तर दादा, तू खुशाल नाकापासून पुन्हा सुरुवात कर. आज वारा फिरायची भीती नाही. आम्ही बसलोय.